चाच्यांच्या जादुई वस्तू : तलवारीपेक्षा कागद का भारी पडतो

आजचा विषय वाचून काही जण गालातल्या गालात हसले असतील, ते आम्हाला मान्य आहे. समुद्री चाचे, त्यात जादू, त्यात पुन्हा खेळ! पण तासाभराने तुम्ही उठाल तेव्हा हा विषय दिसतो तितका पोरकट नाही, एवढं तरी पटलेलं असेल अशी आशा आहे.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक जण डीएम होतो, त्याला आम्ही आमच्या टेबलावर सूत्रधार म्हणतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. या गोष्टीत पात्रांना अधूनमधून जादुई वस्तू मिळतात. अंगठी, तलवार, झगा, काहीही. आज आपण बोलणार आहोत ते अशाच वस्तूंबद्दल, ज्यांची कल्पना खऱ्या, इतिहासातल्या चाच्यांवरून घेतलेली आहे.

तलवार कुठे गेली?

आम्ही पहिल्यांदा समुद्रावरची मोहीम चालवली तेव्हा उत्साहाने एक पेटी ठेवली, आणि पेटीत ब्लॅकबिअर्डची तलवार. नियमांत तिला 'अधिक एक' म्हणतात, म्हणजे फाशावर जो आकडा येईल त्यात एक मिळवायचा. खेळाडूने ती आनंदाने आपल्या कागदावर लिहून घेतली. तीन बैठकांनंतर आम्ही सहज विचारलं, "अरे, ती तलवार कुठंय?" त्याने कागद खाली-वर करून शोधला आणि म्हणाला, "अरे हो, आहे की माझ्याकडे!"

हे आमचं अपयश होतं, त्याचं नव्हे. जरा हिशोब करून बघा. वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा जास्त हवे असतील तर यशाची शक्यता 50 टक्के. एक मिळवला की 55 टक्के. म्हणजे वीस वेळा तलवार चालवाल तेव्हा सरासरी एकदा तिचा उपयोग होईल. याउलट दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, ज्याला या खेळात ॲडव्हांटेज म्हणतात, तर तीच शक्यता 75 टक्क्यांवर जाते. पण आम्हाला हळूहळू कळलं की मुद्दा टक्क्यांचाही नाही. ती तलवार ब्लॅकबिअर्डची होती हे खेळात कुठेच जाणवत नव्हतं. तिच्या जागी आमच्या गल्लीतल्या कोणा काकांची तलवार असती तरी फरक पडला नसता.

तेव्हापासून कोणतीही ऐतिहासिक वस्तू खेळात आणायची तर आम्ही तिला तीन प्रश्न विचारतो. एक, हिने त्या काळात खरोखर काय काम केलं? दोन, त्या कामाची किंमत काय होती आणि ती कोणी मोजली? आणि तीन, ही मुळात कोणाची? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून वस्तूची शक्ती मिळते. दुसऱ्यातून तिचा दोष किंवा अट मिळते. तिसरा प्रश्न आम्ही बराच काळ विचारतच नव्हतो. तो का विचारावा लागला ते पुढे येईलच.

पहिली वस्तू : टीचचा तोडा

ब्लॅकबिअर्ड म्हणजे एडवर्ड टीच. त्याचं वर्णन आपल्यापर्यंत आलं ते मुख्यतः 1724 मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या एका इतिहासातून. लेखकाचं नाव कॅप्टन चार्ल्स जॉन्सन, आणि ते टोपणनाव असावं असं मानतात. जॉन्सनने तिखटमीठ भरपूर लावलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचायचं. तो सांगतो की लढाईच्या वेळी टीच टोपीखाली पेटते तोडे खोचायचा. तोडा म्हणजे बत्ती देण्यासाठी वापरायची ती सावकाश जळणारी दोरी. आपल्याकडे तोड्याची बंदूक म्हणतात, त्यातला तोडा. दाट काळी दाढी, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना धुमसती दोरी आणि भोवती धूर. समोरच्या जहाजावरच्या माणसांची गाळण उडणारच.

आता गंमत बघा. नोव्हेंबर 1718 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, ओक्राकोकजवळ, लेफ्टनंट रॉबर्ट मेनार्डशी झालेल्या लढाईत टीच मारला गेला. त्या शेवटच्या लढाईआधी टीचने स्वतः कोणाचा जीव घेतल्याचा खात्रीलायक पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. म्हणजे चाच्यांमधला सर्वांत भयंकर माणूस बहुतेक काम नुसत्या भीतीवर भागवत होता. लढाई झाली की आपली माणसं मरतात, जहाज मोडतं, माल बुडतो. समोरचा न लढता शरण आला तर सगळं शाबूत हाती येतं. काळ्या झेंड्याचा उपयोगही हाच.

म्हणून आमचा तोडा असा आहे. पात्राने तो पेटवला की त्याला पाहणाऱ्या प्रत्येक शत्रूला विजडम सेव्ह, म्हणजे मन घट्ट ठेवण्याची परीक्षा, द्यावी लागते. नापास झाला की तो घाबरतो, जवळ यायला धजत नाही. तोडा दिवसातून एकदाच पेटतो. पण ज्या क्षणी तोडा लावलेलं पात्र कोणाला जखम करेल, त्या क्षणी सगळ्यांची भीती उतरते. रक्त दिसलं की कळतं, हाही माणूसच आहे. शिवाय पेटता तोडा लावून लपता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

या एका अटीने टेबलावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. एरवी "मी वार करतो" म्हणणारी मंडळी बोलायला लागतात. काय मागायचं, किती ताणायचं, याची कुजबुज चालते. टीचनेही तेच केलं होतं. मे 1718 मध्ये त्याने चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली, जहाजं अडवली, प्रतिष्ठित लोक ओलीस धरले. आणि त्यांच्या बदल्यात मागितली औषधांची पेटी! त्याचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे जहाज पुढे काही दिवसांतच बोफर्टजवळ वाळूत रुतलं. 1996 मध्ये त्याचे अवशेष सापडले, तेव्हा त्यांत वैद्यकीय साधनंही निघाली, पाऱ्याचे अंश असलेली एक पिचकारी त्यांतलीच. पारा गुप्तरोगावर देत असत. जगाला घाबरवणारा माणूस आजाराला घाबरत होता. तुमच्या मोहिमेत खजिन्याच्या पेटीऐवजी एकदा औषधाची पेटी ठेवून बघा. ताप आलेल्या खलाशांनी भरलेल्या जहाजावर तिची किंमत सोन्याहून जास्त असते.

दुसरी वस्तू : सह्यांचा कागद

आता आमची सगळ्यांत लाडकी वस्तू. चाच्यांच्या अनेक जहाजांवर मोहिमेआधी एक करार लिहिला जाई आणि प्रत्येक जण त्याखाली सही किंवा खूण करी. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचा करार जॉन्सनने दिला आहे. मूळ कागद पकडले जाताना त्यांनी समुद्रात टाकला, असंही तो सांगतो. त्यातली कलमं ऐका. महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकाला एक मत. रात्री आठला दिवे बंद, त्यानंतर प्यायचं असेल तर वर डेकवर जाऊन. लढाईत कोणी पाय गमावला तर सामाईक निधीतून 800 डॉलर भरपाई. कॅप्टन आणि क्वार्टरमास्टर यांना लुटीतले दोन वाटे, सारंग, गोलंदाज यांना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा, बाकी प्रत्येकाला एक. वादकांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी, तीही हक्काची.

त्या काळच्या व्यापारी जहाजावर किंवा आरमारात खलाशाला यातलं काय मिळत होतं? मत तर नाहीच, पगार वेळेवर मिळेल याचीही खात्री नाही, वर फटके. त्या मानाने हा कागद म्हणजे जादूच म्हणायची. त्याला वेगळी जादू लावायची फारशी गरज नाही.

आम्ही तो असा बांधला. गटातले सगळे कागदावर सही करतात. रोज सकाळी प्रत्येक सहीमागे सहा बाजूंचा एक फासा मधल्या वाटीत पडतो. चार सह्या, चार फासे. दिवसभरात कोणालाही अडचण आली तर त्यातला फासा उचलून आपल्या आकड्यात मिळवता येतो, पण बाकीच्यांच्या बहुमताने. फक्त लढाई चालू असताना कॅप्टन म्हणेल ते अंतिम, कारण खऱ्या जहाजांवरही पाठलाग आणि लढाईच्या वेळी मतदान थांबत असे. आणि कोणी लुटीतलं एक नाणंही लपवलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच सह्या पुसट होतात, वाटी रिकामी. कोणी लपवलं ते कागद सांगत नाही. ते तुमचं तुम्ही शोधा.

इथवर आम्ही अगदी खूश होतो. आम्हाला वाटलं, हीच ती आदर्श वस्तू. मग रॉबर्ट्सच्या अखेरच्या दिवसांबद्दल वाचताना एक प्रसंग समोर आला.

जानेवारी 1722. पश्चिम आफ्रिकेतलं विडा बंदर, आजच्या बेनिन देशात. बंदरात गुलामांचा व्यापार करणारी जहाजं उभी होती. रॉबर्ट्सने प्रत्येकाकडे खंडणी मागितली. 'पॉर्क्युपाइन' नावाच्या जहाजाच्या कप्तानाने नकार दिला. रॉबर्ट्सच्या माणसांनी ते जहाज जाळायचं ठरवलं. आत सुमारे 80 गुलाम होते, दोघादोघांना एकत्र साखळीने जखडलेले. साखळ्या काढायला वेळ लागत होता, चाच्यांना घाई होती. त्यांनी माणसांसकट जहाज पेटवलं. ज्यांनी पाण्यात उड्या घेतल्या ते शार्क माशांच्या तोंडी गेले.

ही तीच माणसं, मंडळी. एक माणूस एक मत म्हणणारी, पाय गेलेल्याला भरपाई देणारी. कागद खोटा नव्हता. तो फक्त सही करणाऱ्यांपुरता होता.

पुढच्याच महिन्यात, 10 फेब्रुवारीला, केप लोपेझजवळ इंग्रज आरमाराशी लढताना रॉबर्ट्स मारला गेला. त्याच्या लोकांवर केप कोस्ट किल्ल्यात खटला चालला आणि 52 जण फासावर गेले. त्याच्या जहाजांवर जे कृष्णवर्णीय लोक होते त्यांच्यावर खटला वगैरे काही नाही. त्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं.

हे वाचल्यावर आम्ही कागद टाकून देणार होतो. पण टाकला नाही, त्यात एक कलम वाढवलं. जहाजावर असलेल्या, पण सही करायची मुभा न मिळालेल्या प्रत्येक माणसामागे वाटीतला एक फासा कमी होतो. कैदी असो, हमाल असो, स्वयंपाकघरातला पोऱ्या असो. हे कलम खेळाडूंना आम्ही आधी सांगितलं नव्हतं. चार सह्या असून वाटीत तीनच फासे पडले, तेव्हा त्यांनी डोकी खाजवली. मग एकीच्या लक्षात आलं, "अरे, आपल्याबरोबर तो भांडी घासणारा मुलगा आहे ना?" त्याला सही करायला बोलावलं, तर सूत्रधाराने त्याच्या तोंडून विचारलं, "सही करतो, पण माझा वाटा किती?" त्या दिवशी अर्धा तास नुसती वाटणीवर चर्चा चालली. आजवरची ती आमची सर्वांत चांगली बैठक, आणि एकही तलवार उपसली गेली नाही.

तिसरी वस्तू : घंटा

तिसरा प्रश्न, 'ही मुळात कोणाची', आम्हाला शिकवला तो या वस्तूने.

'विडा गॅली' हे इंग्रजी जहाज गुलामांच्या व्यापारासाठीच बांधलेलं. आत्ता आपण ज्या विडा बंदराबद्दल बोललो, त्याचंच नाव त्याला दिलेलं. आफ्रिकेतून माणसं नेऊन, त्यांना विकून ते परत निघालं असताना फेब्रुवारी 1717 मध्ये सॅम्युएल बेलामी या चाच्याने ते पकडलं. दोनच महिन्यांनी, 26 एप्रिलच्या रात्री, केप कॉडजवळच्या वादळात ते बुडालं. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती, वाचली दोन. 1984 मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि 1985 मध्ये समुद्रतळातून वर आली त्याची घंटा. तिच्यावर जहाजाचं नाव आणि 1716 हे साल कोरलेलं होतं, त्यामुळे ओळख पक्की झाली. चाच्यांच्या जहाजाचे असे निःसंशय पटलेले हे पहिले अवशेष. त्यांत पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचे सोन्याचे दागिनेही निघाले, काही कापलेले, तुकडे केलेले. चाच्यांनी वाटणीसाठी तोडले असावेत, असा अंदाज आहे.

बुडालेल्या जहाजाची घंटा! जादुई वस्तू म्हणून याहून चांगलं काय मिळणार? आम्ही लगेच लिहून टाकलं : घंटा वाजवली की बुडालेल्या चाच्यांची भुतं येतात आणि तुमच्या बाजूने लढतात. टेबलावर वाजवली. भुतं आली. आणि एका खेळाडूने अगदी साधेपणाने विचारलं, "पण त्या जहाजात आधी मेलेली माणसंही असतील ना? साखळीतली? ती नाही येणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी खेळ तिथेच थांबवला.

टीचचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज'ही आधी 'ला काँकॉर्ड' नावाचं फ्रेंच गुलामवाहू जहाज होतं. नोव्हेंबर 1717 मध्ये त्याने ते पकडलं तेव्हा आत शेकडो आफ्रिकी माणसं होती. त्यांतल्या बहुतेकांना बेक्विया बेटावर फ्रेंच खलाशांच्या हवाली करून तो निघून गेला, आणि फ्रेंचांनी त्यांना ठरल्याप्रमाणे मार्टिनिकला नेलं. चाच्यांच्या ज्या दोन जहाजांचे अवशेष आज सर्वांत प्रसिद्ध आहेत, ती दोन्ही चाच्यांच्या हाती पडण्याआधी माणसं विकण्यासाठी वापरली जात होती. आपण त्यांच्यावरून खेळणी बनवतो, तेव्हा हे गाळून बनवायचं की धरून?

आम्ही घंटा बदलली. आता ती वाजली की तिचा आवाज जिथवर जातो तिथवर कोणतंही बंधन टिकत नाही. बेड्या, कुलपं, दोरखंड, पिंजरे, जादूने घातलेली मोहिनीसुद्धा. आपला-परका असा भेद नाही. तुमचे मित्र सुटतील तसे तुमचे कैदीही सुटतील, तुम्ही कुलूप लावलेली तिजोरीही उघडेल. लढाईत तिचा एक आकड्याचाही फायदा नाही. आणि ती विकता येत नाही. विकणाऱ्याच्या हातात ती मुकी होते.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही तर म्हणालात की वस्तूने इतिहासात जे केलं तेच खेळात करावं. खऱ्या घंटेने कोणाच्याही बेड्या तोडल्या नाहीत. बरोबर आहे. इथे आम्ही आमचा नियम मोडलेला आहे, आणि जाणूनबुजून मोडलेला आहे. इतिहासात जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते कधीकधी जादूने करावं. मात्र ते झालं नव्हतं, हे टेबलावर सगळ्यांना माहीत असावं.

चौथी वस्तू : दस्तक

शेवटची वस्तू आपल्या घराजवळची आहे.

सप्टेंबर 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' हे मोगलांचं जहाज लुटलं. यात्रेकरूंवर, बायकांवर अत्याचार झाले. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कोंडून ठेवलं. एव्हरी मात्र पुढे गायब झाला, तो कधीच हाती लागला नाही. अशा चाच्यांना पकडण्यासाठी 1696 मध्ये इंग्लंडहून एक माणूस निघाला, खुद्द राजाचं आज्ञापत्र घेऊन. त्याचं नाव विल्यम किड.

चाचे पकडायला निघालेल्या किडने जानेवारी 1698 मध्ये मलबार किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' हे आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेलं जहाज धरलं. त्या जहाजाकडे फ्रेंचांचा परवाना होता, आणि किडच्या लेखी फ्रान्स इंग्लंडचा शत्रू. त्यामुळे हे काम कायदेशीर, असं किडचं म्हणणं. पण वारं फिरलं होतं. लंडनमध्ये खटला उभा राहिला तेव्हा ते फ्रेंच परवाने त्याला मिळालेच नाहीत. 23 मे 1701 रोजी वॉपिंगला त्याला फाशी दिलं. परवाने पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडले. कुठे? लंडनच्या सरकारी दफ्तरात. किड निर्दोष होता असं आमचं म्हणणं नाही. त्याने आपल्याच गोलंदाजाच्या डोक्यात बादली घातली आणि तो माणूस मेला, तो गुन्हाही त्याच्यावर शाबीत झाला. पण चाचा आणि चाचे पकडणारा यांच्यात फरक उरला होता तो एका कागदापुरता, आणि तोच कागद ऐन वेळी दिसेनासा झाला.

कागदाचं हे राजकारण आपल्या किनाऱ्याला नवं नव्हतं. पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना विकत आणि तो नसलेली जहाजं पकडत. पुढे कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपली दस्तकं लागू केली. या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या. ईस्ट इंडिया कंपनीने ते मानलं नाही. आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी कंपनीची जहाजं धरली, आणि कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजी 'चाचा' झाले. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून 1721 मध्ये कुलाब्यावर चढाई केली, तीही फसली. तोच परवान्याचा हक्क पोर्तुगिजांनी बजावला तर ते राज्य, आणि आंग्र्यांनी बजावला तर ती चाचेगिरी. आजही इंग्रजीतल्या चाच्यांच्या याद्यांमध्ये कान्होजींचं नाव दिसतं. खेळ बनवणारे तिथूनच नावं उचलतात. मग आपलीच मुलं आपल्याच सरखेलांना 'पायरेट लॉर्ड' म्हणून टेबलावर मारतात. आम्हाला यात कोणाची भावना दुखावण्याचा प्रश्न काढायचा नाही. प्रश्न इतकाच आहे की यादी कोणी केली ते विचारा.

म्हणून आमचं दस्तक असं. खेळाडू एक सत्ता निवडतो, राजा, कंपनी, नगर, काहीही. त्या सत्तेच्या पहाऱ्यासमोर दस्तक दाखवलं की वाट मोकळी, फासा टाकायचाही प्रश्न नाही. पण दर वेळी दाखवलं की मागच्या बाजूला एका दुसऱ्या सत्तेचं नाव आपोआप उमटतं. त्या सत्तेच्या लेखी तुम्ही त्या क्षणापासून चाचे. कोणतं नाव उमटलं ते खेळाडूला लगेच वाचता येतं. ते मिटवता मात्र येत नाही.

किडवरून आणखी एक छोटी वस्तू सुचली. त्याला फाशी देताना पहिल्यांदा दोर तुटला. त्याला पुन्हा चढवलं, दुसऱ्यांदा तुटला नाही. 'तुटका दोर' गळ्यात बांधलेलं पात्र पहिल्यांदा मरायला टेकलं की एका हिट पॉइंटवर वाचतं. दुसऱ्यांदा मात्र कोणतीही संजीवनी चालत नाही. हा दोर आमच्या टेबलावर अनेकांनी हातात घेऊन पाहिला, गळ्यात बांधला फक्त एकीने.

श्रोत्यांचे काही प्रश्न

पहिला प्रश्न होता, खजिन्याचा नकाशा का नाही? कारण चाचे सहसा खजिना पुरत नसत. वाटे पडले की बंदरात जाऊन उडवत. किडने गार्डिनर्स बेटावर काही माल पुरला होता, तो अपवाद, आणि तो खटल्यात पुरावा म्हणून लगेच उकरला गेला. नकाशावरची फुली आपल्या डोक्यात बसवली ती स्टीव्हन्सनच्या 1883 मधल्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीने. नकाशा जरूर ठेवा, फक्त तो कादंबरीतून आला हे माहीत असू द्या.

दुसरा, या वस्तू फार ताकदवान होत नाहीत का? या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एका पात्राला ज्यांच्याशी नातं जुळवावं लागतं अशा तीनच वस्तू बाळगता येतात. तोडा, दस्तक आणि दोर आम्ही त्यात धरतो. कागद आणि घंटा सगळ्या गटाच्या, म्हणून त्यांना ही मर्यादा नाही. एका मोहिमेत यातल्या दोनच द्या. सगळ्या एकदम दिल्या तर कोणतीच लक्षात राहणार नाही, आमच्या तलवारीसारखी.

तिसरा प्रश्न एका पालकांचा, आणि तो महत्त्वाचा. मुलांबरोबर खेळताना गुलामांचा विषय काढावा का? आमचं उत्तर असं, की वयाला झेपेल तेवढाच आणि आधी विचारून. दहा वर्षांच्या मुलांना 'पॉर्क्युपाइन'ची गोष्ट सांगायची गरज नाही. पण घंटा सांगता येते. मुलांना बेड्या तोडणारी वस्तू फार आवडते, आम्ही पाहिलं आहे. पुढे कधीतरी ती स्वतःच विचारतात, "बेड्या कोणाला घातल्या होत्या?" तेव्हा खरं सांगायचं.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास. तुमच्या मोहिमेतली एक जुनी जादुई वस्तू घ्या, जी सगळे विसरलेत, आणि तिला हे तीन प्रश्न विचारा. काय केलं, किंमत कोणी मोजली, मुळात कोणाची. तिसऱ्याचं उत्तर सुचलं नाही तर घाई करू नका. आम्हालाही ते एका खेळाडूनेच विचारलं होतं.